शाळेचा कॅमेरा

प्रवरा नदीच्या काठी, अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोल्हार नावाचे गाव आहे. भगवतीमातेचे देऊळ, नदीवरचा पूल आणि चोहोबाजूंना पसरलेली उसाची शेते ही या गावाची ओळख. तेथील एका शाळेत मी आधी शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होतो. माझ्या निवृत्तीला काही वर्षे उरली असताना आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली आणि “गुरुजी, शाळेसाठी एक चांगला कॅमेरा घ्या,” असे म्हणून ती रक्कम माझ्या हवाली केली. रक्कम हाती आली खरी; पण कॅमेरा कसा निवडावा, कसा वापरावा आणि कसा जपावा, यांपैकी एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती मी कशी शिकलो, आणि शिकेपर्यंत काय गमावून बसलो, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, कॅमेऱ्याच्या खरेदीची एक जुनी हकीकत आधी ऐका. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांना चलच्चित्रे काढण्याचा ध्यास लागला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथे पोचताच त्यांनी दुकान गाठले नाही. आधी एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांना भेटून सल्ला घेतला, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत जाऊन काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहिले, आणि मगच विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला. मायदेशी परतल्यावरही त्यांनी घाई केली नाही. कुंडीत वाटाणे पेरून तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ दररोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बीजाला अंकुर फुटला आणि अंकुराचा वेल झाला. ते पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबत होत्या, हेही विसरू नये.

फाळक्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म असे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप दिलेला असतो; प्रकाश पडला की त्या क्षारांत फरक होतो आणि अंधाऱ्या खोलीत रसायनांनी धुतल्यावर चित्र उमटते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नाही. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने असा पहिला कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवून घेण्यास २३ सेकंद लागत. गंमत अशी की कोडॅकचा मोठा धंदा फिल्मचाच होता. तिच्याच घरात जन्मलेल्या या शोधाने पुढे फिल्मचा बाजार बसवला, आणि २०१२ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली.

फिल्मच्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात सिलिकनची एक चकती असते. तिला संवेदक म्हणतात. तिच्यावर चौकटींच्या वहीप्रमाणे अतिसूक्ष्म घरे आखलेली असतात. एखाद्या घरावर जितका अधिक प्रकाश पडेल तितका अधिक विद्युत्भार त्यात साचतो. कॅमेऱ्यातील यंत्रणा प्रत्येक घरातला भार मोजून त्याचा एक अंक करते. अंधार असेल तेथे लहान अंक, उजेड असेल तेथे मोठा अंक. म्हणजे तुमचे छायाचित्र हा वस्तुतः अंकांचा एक भला मोठा तक्ता असतो. पण अशा मोजणीतून केवळ उजेड आणि अंधार कळतो, रंग कळत नाहीत. म्हणून घरांवर रंगीत काचेसारखी आवरणे बसवतात. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी आणि पाव घरांवर निळी. माणसाची दृष्टी हिरव्या छटांतील बारकावे अधिक टिपते, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. शेजारच्या घरांतील अंक पाहून प्रत्येक ठिकाणचा पूर्ण रंग कॅमेरा गणिताने ठरवतो. तुमच्या घरच्या मोबाइलमधील कॅमेराही याच तत्त्वावर चालतो, तेव्हा पुढे सांगितलेले बरेचसे त्यालाही लागू आहे.

चित्रातील अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतील तर गुणाकार किती होतो? २ कोटी ४० लाख, म्हणजे २४ मेगापिक्सेल. सॅसनच्या कॅमेऱ्यात आडवे १०० व उभे १००, म्हणजे केवळ १०,००० ठिपके होते.

आता खरेदीकडे वळू. आम्ही दोघे शिक्षक नगरला गेलो. पहिल्याच दुकानदाराने मेगापिक्सेलचा असा काही पाढा वाचला की आमचे डोळेच दिपले. जितके मेगापिक्सेल अधिक तितका कॅमेरा उत्तम, असे त्याचे म्हणणे. मी कागद मागून घेतला आणि हिशेब मांडला. कागदावर स्वच्छ छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके पुरतात. ६ इंच लांब व ४ इंच रुंद फोटोला १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. भिंतीवर लावण्याजोगा १२ गुणिले ८ इंचांचा फोटो हवा असेल तरी ८६ लाख ४० हजार पुरे. मग आणखी ठिपक्यांसाठी आणखी पैसे का मोजावेत? याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: ते ठिपके केवढ्या जागेत बसवले आहेत? मोठ्या कॅमेऱ्यातील संवेदक ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. खिशात मावणाऱ्या कित्येक लहान कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६ मिलिमीटर लांब असतो. दोहोंच्या क्षेत्रफळांत सुमारे ३० पटींचे अंतर पडते. अंगणात मोठे घंगाळ ठेवले तर त्यात पावसाचे पाणी पुष्कळ जमते, वाटीत थोडेच. तसेच प्रकाशाचे आहे. म्हणून संध्याकाळी किंवा अंधाऱ्या वर्गखोलीत मोठ्या संवेदकाचे चित्र स्वच्छ येते आणि लहानाचे चित्र रवाळ दिसते.

झूमच्या बाबतीतही असेच फसवे बोलणे ऐकू येते. भिंगे पुढेमागे सरकून दूरचे दृश्य जवळ आणतात तो खरा झूम. दुसरा ‘डिजिटल झूम’. त्यात कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापून ताणून दाखवतो. भाकरी कितीही मोठी थापली तरी पीठ तेवढेच राहते. कॅमेरा पाहताना भिंगाचा झूम किती, एवढेच विचारावे.

दुसऱ्या एका दुकानात तोच कॅमेरा बराच स्वस्त मिळत होता. मात्र पक्के बिल मिळणार नव्हते. खोके उलटून पाहिले तर त्यावर आयातदाराचे नाव नाही, कमाल किरकोळ किंमत छापलेली नाही. अशा मालाला येथील कंपनीची हमी मिळेलच असे नाही. बिघडला तर दाद कोणाकडे मागणार? आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. कॅमेऱ्यावर एक अनुक्रमांक कोरलेला असतो. तो अंगावर, खोक्यावर आणि बिलावर एकच आहे ना, हे दुकानातच ताडून पाहावे. कोणी जुना कॅमेरा विकत घेत असेल तर त्याने भिंगातून विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी लागली आहे असे समजावे. अखेर आम्ही मध्यम किमतीचा कॅमेरा घेतला. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, भिंग पुसण्याचे साहित्य व पिशवी आली.

मुलांना कॅमेरा शिकवताना मला कालव्याचा फार उपयोग झाला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आमच्या भागातल्या शेतांना मिळते. वाफ्यात पाणी किती जाईल, हे कशावर ठरते? दार किती रुंद उघडले यावर, आणि किती वेळ उघडे ठेवले यावर. शेतकऱ्याच्या कोणत्याही मुलाला हे सांगावे लागत नाही. कॅमेऱ्यात संवेदक हा वाफा, आणि प्रकाश हे पाणी. भिंगामागील लहानमोठे होणारे छिद्र म्हणजे दाराची रुंदी, आणि झडप उघडी राहण्याचा काळ म्हणजे पाणी धरण्याचा वेळ. छिद्र दुप्पट प्रकाश घेईल इतके मोठे केले तर वेळ निम्मा करावा लागतो. एरवी वाफा तुंबेल, म्हणजे चित्र पांढरेफटक होईल.

छिद्राच्या आकड्यांनी मुले हमखास गोंधळतात. २.८, ४, ५.६, ८ असे ते आकडे असतात आणि आकडा वाढला की छिद्र लहान होते. यात नवल नाही. भिंगाच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला आकडा २ असेल तर व्यास २५ मिलिमीटर. आकडा ८ असेल तर सव्वासहा मिलिमीटर. छिद्र मोठे ठेवले की समोरचा चेहरा स्पष्ट येतो व मागची झाडे धूसर होतात. लहान ठेवले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. वर्गाच्या सामूहिक फोटोत तीन रांगा असतात, तेथे छिद्र लहान हवे.

झडपेच्या वेळेवर हालचाल अवलंबून असते. कबड्डीत चढाई करणारा गडी सेकंदाच्या पाचशेव्या भागात जागच्या जागी थबकलेला टिपता येतो. तिसाव्या भागात त्याचा नुसता फराटा उमटतो. शिवाय तेवढ्या वेळात तुमचा हातही हलतो. म्हणून कोपरे छातीशी टेकवावीत, डावा हात भिंगाखाली आधाराला द्यावा, पट्टा गळ्यात असावा, आणि कळ दाबताना क्षणभर श्वास रोखावा. कळ आधी अर्धी दाबावी, म्हणजे भिंग नेम धरते. मग पूर्ण दाबावी. एकदम खच्चून दाबणाऱ्याचे चित्र हलते.

तिसरी एक सोय असते, तिला आयएसओ म्हणतात. सभेत ध्वनिक्षेपकाचे बटण फिरवले की वक्त्याचा आवाज वाढतो, आणि त्याबरोबर घरघरही वाढते. आयएसओ वाढवला की अंधुक चित्र उजळते, पण त्यात रवा येतो. पर्याय नसेल तेव्हाच तो वाढवावा.

बाकी, उजेड कोठून येतो याकडे आधी लक्ष द्यावे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलाचा फोटो घेतला तर खिडकी लखलखीत आणि चेहरा काळाकुट्ट येतो. त्याला खिडकीकडे तोंड करून बसवावे. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात, सकाळचा कोवळा उजेड सर्वांत सोयीचा. कॅमेऱ्याच्या काचेच्या डोळ्यातून सूर्याकडे, विशेषतः ग्रहणाच्या वेळी, कधीही पाहू नये. भिंग सूर्याचे तेज एकवटते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि एक गोष्ट. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे त्याला आधी विचारावे. बाजारात भाजी विकणाऱ्या आजीबाईंनी नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा.

आता जपणुकीविषयी. आमच्याकडे काळ्या मातीचा फुफाटा, त्यात गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या गाड्यांची वर्दळ. धूळ हा कॅमेऱ्याचा नित्याचा शत्रू. भिंगावर धूळ दिसली की सदऱ्याच्या टोकाने पुसण्याचा मोह होतो. मातीत रेतीचे कण असतात आणि ते घासले की काचेवरच्या नाजूक लेपावर ओरखडे उठतात. प्रथम रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा, आणि त्यानंतरच भिंगासाठी मिळणाऱ्या मऊ कापडाने हलकेच पुसावे. जत्रेतला गुलाल आणि जेजुरीचा भंडारा तर धुळीहून बारीक. तेथे भिंग बदलूच नये, आणि कॅमेरा पारदर्शक पिशवीत ठेवून वापरावा.

पावसाळ्यातला शत्रू म्हणजे दमट हवा. पहिल्याच वर्षी मी कॅमेरा मोठ्या कौतुकाने चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवला होता. चामडे ओल धरून ठेवते, हे मला माहीत नव्हते. चार महिन्यांनी पाहतो तो भिंगाच्या कडेला पांढरे तंतू! साफ करून घेण्यास खर्च आला तो मी माझ्या खिशातून दिला. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात राहू लागला आणि डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुरचुंडी. त्यातील रंगीत दाण्यांचा रंग बदलला की ते भिजले असे समजून वाळवावेत किंवा बदलावेत. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणे. हवाउजेड लागलेल्या भिंगावर बुरशी सहसा धरत नाही.

कॅमेरा पाण्यात पडला तर तांदळात पुरून ठेवा, असे पुष्कळजण सांगतात. तांदळाची भुकटी फटींत जाते, एवढाच त्याचा निश्चित परिणाम. आधी कॅमेरा बंद करून बॅटरी व कार्ड काढावे, चालू होतो का हे बघण्याच्या भानगडीत पडू नये, आणि लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा. बॅटरी उन्हात तापणाऱ्या मोटारीत ठेवू नये. ती फुगलेली दिसली तर वापरणे तात्काळ थांबवावे.

कॅमेरा मोडला तर दुसरा आणता येतो. त्यातील चित्रे मात्र पुन्हा आणता येत नाहीत. ती ज्या नखाएवढ्या कार्डावर असतात त्याची रीत नीट समजून घ्या. शाळेत एक जनरल रजिस्टर असते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव असते. कार्डावरही अशीच नोंदवही असते: अमुक चित्र अमुक जागी. तुम्ही एखादे चित्र पुसता तेव्हा बहुधा केवळ नोंदवहीतले नाव खोडले जाते. चित्राचे अंक जागीच असतात. नाव कमी केलेला मुलगा अजून बाकावर बसलेलाच आहे म्हणा ना. मात्र बाक रिकामा आहे असे समजून कॅमेरा तेथे नवा मुलगा आणून बसवतो, तेव्हा पहिला कायमचा जातो. म्हणून चुकून चित्र पुसले गेले तर त्या कार्डावर आणखी एकही चित्र घेऊ नये. ते काढून ठेवावे. जाणकार मनुष्य विशेष आज्ञावलीने ते बहुधा परत मिळवू शकतो.

हे मला उशिरा कळले.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. तीसएक वर्षे कडुनिंबाला टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोल देऊन ते शाळा भरवीत आणि सोडीत. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी त्यांची जुन्या वळणाची समजूत. शाळेच्या कुठल्याही सामूहिक फोटोत ते उभे राहिले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी मात्र मुलांनी फार आग्रह केला. मामा हसले, टोपी सारखी केली आणि शेवटचा टोल देताना हात उंच धरून उभे राहिले. एका मुलाने ते चित्र टिपले. सुरेख आले होते. मी म्हणालो, “उद्या संगणकावर उतरवून घेऊ.”

तो उद्या क्रीडास्पर्धांच्या गडबडीत गेला. मैदानावर कॅमेऱ्याने जागा संपल्याचे सांगितले. छायाचित्रे घेणाऱ्या मुलाला वाटले, जुनी चित्रे कार्यालयात उतरवली असणारच. त्याने ती पुसली आणि दिवसभरात शर्यतींची तीनशे चित्रे घेतली. चूक त्याची नव्हती. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते.

पुढल्या पावसाळ्यात मामा वारले. त्यांचा मुलगा शाळेत आला. घरी मतदार ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो तेवढा होता; “त्या दिवशीचा मोठा फोटो मिळेल का?” असे त्याने विचारले. मी कार्ड घेऊन शहरात गेलो. कारागिराने दोन दिवस खटपट केली. अशा चित्राचे अंक वरून खाली क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या भागातील अंक जाग्यावर होते, उरलेल्यांवर शर्यतीतली धावणारी मुले येऊन बसली होती. म्हणून कारागिराच्या हाती वरचा अर्धाच भाग लागला. त्यात कडुनिंबाची फांदी, टांगलेला रूळ आणि टोल देण्यासाठी उंचावलेला मामांचा हात आहे. त्याखाली सपाट करडा रंग.

मी तो छापून, चौकटीत घालून त्यांच्या घरी नेऊन दिला. मुलाने बराच वेळ पाहिला. मग आईला हाक मारून तो म्हणाला, “आई, दादांचा हात बघ.”

शाळेत दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्याशेजारी एक वही ठेवली. कोणती चित्रे घेतली, कोणाची, कोणत्या तारखेची, आणि कोणत्या दोन ठिकाणी उतरवून ठेवली, हे त्या त्या दिवशी त्यात लिहिल्याशिवाय कार्ड रिकामे करावयाचे नाही, असे ठरले. पहिल्या पानावरची पहिली नोंद त्याच मुलाच्या अक्षरात आहे.